डोंगरावरचे मंगलकार्य : हिशेब यादीचा, खोल्यांचा आणि घाटाचा

तुळशीची लग्ने आटोपली की घराघरांत पंचांगे उघडली जातात, मुहूर्तांच्या तारखांवर खुणा होतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो तो कार्यालयाचा. एकेकाळी हा प्रश्न गावातल्या किंवा पेठेतल्या दोन-चार मंगल कार्यालयांपुरता मर्यादित असे. आता शहरी मध्यमवर्गाच्या घरात आणखी एका पर्यायाची चर्चा हमखास होते. तो म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी, डोंगरमाथ्यावर लग्न लावण्याचा. दरीच्या काठावरचा मांडव आणि मागे निळसर डोंगररांगा अशी छायाचित्रे पाहून मुलगा-मुलगी हरखून जातात, तर 'हे श्रीमंतांचे चोचले आहेत' असे म्हणून वडीलधारी मंडळी विषय संपवू पाहतात.

वास्तविक डोंगरावरचे लग्न सरसकट महाग नसते आणि सरसकट स्वस्तही नसते. ते शहरातल्या लग्नापेक्षा वेगळ्या ठिकाणी महाग असते, एवढेच. शहरात खर्चाचा मोठा वाटा कार्यालयाचे भाडे आणि जेवणाची पंगत यांवर जातो. पाहुणे जेवून, आहेर देऊन, संध्याकाळी आपापल्या घरी परततात. डोंगरावर आलेला पाहुणा परतू शकत नाही. त्याला निजायला खाट लागते, अंघोळीला गरम पाणी लागते, सकाळी चहा आणि रात्री पुन्हा जेवण लागते आणि त्याला खाली सुखरूप पोहोचवावेही लागते. त्यामुळे 'हॉलचे भाडे किती?' हा शहरात पहिला असणारा प्रश्न डोंगरावर चौथा किंवा पाचवा ठरतो. बहुतेक कुटुंबे नेमकी याच प्रश्नाने सुरुवात करतात, आगाऊ रक्कम भरून मोकळी होतात आणि खर्चाचा खरा आकडा त्यांना लग्नाच्या महिनाभर आधी कळतो.

आधी यादी, मग डोंगर

एक साधे उदाहरण घेऊ. यातील दर केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते ठिकाणानुसार आणि हंगामानुसार बरेच कमी-जास्त असतात. एका खोलीत तीन माणसे, खोलीचे भाडे एका रात्रीला ३,५०० रुपये, एका जेवणाला माणशी ५०० रुपये, चहा-न्याहारीला २०० रुपये आणि पन्नास आसनी बसला जाऊन-येऊन २५,००० रुपये असे समजू. सभागृह, मांडव, फुले आणि छायाचित्रकार यांचा खर्च तूर्त बाजूला ठेवू.

पहिल्या कुटुंबाने २५० माणसांचे लग्न डोंगरावर पण एकाच दिवसात उरकायचे ठरवले. आदल्या रात्री फक्त ४० जवळचे नातेवाईक मुक्कामाला येणार, म्हणजे १४ खोल्या आणि ४९,००० रुपये. त्या ४० जणांचे रात्रीचे जेवण २०,००० रुपये. लग्नाच्या दिवशी २५० जणांची न्याहारी आणि एक पंगत मिळून १,७५,००० रुपये. पाच बसचे १,२५,००० रुपये. एकूण ३,६९,००० रुपये.

दुसऱ्या कुटुंबाने त्याच २५० माणसांना दोन रात्री मुक्कामाला ठेवायचे ठरवले. खोल्या ८४, त्यांचे दोन रात्रींचे भाडे ५,८८,००० रुपये. तीन जेवणे आणि दोन न्याहाऱ्या धरून ४,७५,००० रुपये. बसचे तेच १,२५,००० रुपये, आणि गाड्या मुक्कामी थांबवल्या तर त्याहून अधिक. एकूण ११,८८,००० रुपये, म्हणजे पहिल्या कुटुंबाच्या तिपटीहून जास्त. सभागृह तेच, डोंगर तोच आणि स्वयंपाकीही तोच.

तिसऱ्या कुटुंबाने माणसे ७० वर आणली, पण दोन रात्रींचा बेत कायम ठेवला. त्यांच्या २४ खोल्यांचे १,६८,००० रुपये, जेवणखाणाचे १,३३,००० आणि दोन बसचे ५०,००० मिळून ३,५१,००० रुपये झाले. पहिल्या कुटुंबाच्या अडीचशे माणसांच्या लग्नाइतकाच हा खर्च आहे.

डोंगरावर माणसांची संख्या आणि रात्रींची संख्या एकमेकींना गुणतात. त्यातली एक वाढवायची असेल तर दुसरी कमी केलीच पाहिजे. ज्यांना गोतावळा मोठा हवा आहे त्यांनी एका दिवसाचे लग्न आणि डोंगराचा पायथा निवडावा. ज्यांना हळद, सीमंतपूजन, संगीताची मैफल आणि निवांत गप्पा हव्या आहेत त्यांनी यादीला कात्री लावावी. दोन्ही हवे असेल तर तिप्पट पैशांची तयारी ठेवावी. ही तयारी नसताना दोन्ही करू पाहणारी कुटुंबेच कर्ज काढतात.

यादीला कात्री लावणे हे मात्र हिशेबाच्या वहीत दिसते तितके सोपे नाही. मराठी घरातले लग्न हे भावकी, शेजार, कचेरी आणि गाव यांच्याशी असलेल्या देण्याघेण्याचा जाहीर हिशेब असतो. ज्यांच्या लग्नात आपण जेवलो त्यांना आपल्या लग्नात न बोलावणे मनाला बोचते, आणि पुढे वर्षानुवर्षे ऐकूनही घ्यावे लागते. करोनाच्या काळात ही अडचण सरकारी आदेशाने परस्पर सुटली होती. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, तर एप्रिल २०२१ मध्ये राज्यात ती २५ माणसे आणि दोन तास इतकी खाली आली. त्या सक्तीतून छोट्या लग्नाची गोडी अनेकांना लागली, परंतु आता ते कारण पुढे करता येत नाही. मग पुष्कळ कुटुंबे मधला मार्ग काढतात. लग्न डोंगरावर सत्तर माणसांत आणि स्वागत समारंभ शहरात तीनशे माणसांत. हा मार्ग वाईट नाही. मात्र शहरातल्या सभागृहाचे भाडे आणि तीनशे ताटे सुरुवातीपासूनच अंदाजपत्रकात धरली पाहिजेत, नाहीतर यादी कापून वाचवलेले पैसे त्या एका संध्याकाळी संपतात.

पायथ्याचा पर्याय

खिसा लहान आणि गोतावळा मोठा असलेल्यांसाठी सर्वांत शहाणपणाची जागा डोंगरमाथ्यावर नसून घाटाच्या पायथ्याशी किंवा पहिल्या पायरीवर असते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे वाई. पाचगणीच्या खाली, पसरणी घाटाच्या तोंडाशी वसलेले हे गाव. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि चहूबाजूंनी डोंगरांची कड अशी पार्श्वभूमी कोणत्याही सजावटकाराला उभी करता येणार नाही. वेदविद्येची जुनी परंपरा असल्याने गुरुजी गावातच मिळतात, मंडई आणि किराणा हाताशी असतो आणि पुण्याहून आलेली बस पसरणी घाट न चढता दारात उभी राहते. वाईत लग्न लावून जवळच्या वीस-पंचवीस जणांनी संध्याकाळी बारा-तेरा किलोमीटर वर पाचगणीला मुक्कामाला जावे. डोंगराचा आनंद मिळतो आणि अडीचशे माणसांच्या खोल्यांचा बोजा टळतो.

दुसरी काटकसर रेल्वेची. ज्या डोंगराच्या अंगाखांद्यावर स्थानक आहे तिथे बसचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. लोणावळ्याला पुण्याहून लोकल जाते, तर मुंबई-पुणे मार्गावरच्या अनेक गाड्या तिथे थांबतात. कसारा घाट चढून आले की इगतपुरी. मुंबई, नाशिक आणि खानदेश या तिन्हींकडची मंडळी तिथे रेल्वेने येऊ शकतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून विदर्भ-मराठवाड्यातील सासर आणि मुंबईतील माहेर यांना मध्यावर गाठ घालायलाही इगतपुरी सोयीची झाली आहे. दोन्हीकडची मंडळी कोठून येणार हे नकाशावर मांडून पाहिले तर निम्मे वाद आपोआप मिटतात.

पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने अशा वेळी अवश्य पाहावीत. कार्ले, भंडारदरा, माथेरान, महाबळेश्वर, चिखलदरा अशा ठिकाणी ती आहेत. थाटमाट बेताचा असतो, परंतु आवार प्रशस्त आणि जागा बहुधा मोक्याच्या असतात. निरनिराळ्या ज्ञातिसंस्थांची आणि विश्वस्त संस्थांची आरोग्यभवने, धर्मशाळा हाही एक विस्मरणात गेलेला पर्याय आहे. त्यांच्या अटी मात्र आधी वाचाव्यात. जेवण शाकाहारीच, मद्याला बंदी आणि रात्री ठरावीक वेळेला दार बंद, हे नियम तिथे कोणाच्याही लग्नासाठी सैल होत नाहीत.

मधल्या खिशाचे डोंगर

शंभर-सव्वाशे माणसे आणि एक रात्र, असा बेत असलेल्या कुटुंबांपुढे पर्याय भरपूर आहेत. कोल्हापूरकरांना पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. सांगली-इचलकरंजीच्या मंडळींनाही तो सोयीचा पडतो. पन्हाळा हा नांदती वस्ती असलेला किल्ला असल्याने तिथे निवासाची सोय आहे. मात्र जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा यादीत गेला आहे, त्यामुळे लग्न हॉटेलच्या आवारात आणि छायाचित्रे परवानगी असेल तिथे, ही मर्यादा पाळावी लागते. किल्ला आणि लग्न हा विषय महाराष्ट्रात किती नाजूक आहे हे सप्टेंबर २०१९ मध्ये दिसून आले. काही किल्ले हॉटेल आणि विवाहसमारंभांसाठी दिले जाणार असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा राज्यभर संताप उसळला आणि शिवकालीन किल्ल्यांबाबत असे काही होणार नसल्याचा खुलासा सरकारला करावा लागला.

सावंतवाडी, बेळगाव आणि गोव्यात विखुरलेल्या कुटुंबांना आंबोली मध्यावर पडते. नागपूर-अमरावतीकरांना चिखलदरा आणि खानदेशातल्या मंडळींना तोरणमाळ जवळचे. या ठिकाणी दर माफक असले तरी मोठ्या लग्नाला लागणारी कारागिरी स्थानिक पातळीवर मिळेलच असे नाही. फूलवाला, मेंदीवाली, जनित्र आणि वाढपी असे सगळेच खालून न्यावे लागले तर त्यांचाही प्रवास, मुक्काम आणि जेवण यजमानांच्याच माथी येते. वीस वाढपी आणि दहा सजावटकामगार म्हणजे यादीत न लिहिलेले तीस पाहुणेच. पाचगणीला ही अडचण कमी भासते, कारण वाई आणि सातारा पाठीशी आहेत. मात्र पाचगणी हे निवासी शाळांचे गाव आहे. शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडत असल्याने कोणत्या आवारात वाद्ये चालतील हे आधी विचारून घेतलेले बरे.

माथेरानचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण तिथले गणितच निराळे आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढचे दोन-अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा गाडीच्या शटल फेरीने जावे लागते. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तरी वऱ्हाडाच्या संख्येला त्या पुऱ्या पडत नाहीत. माणसांचे एक वेळ निभते, पण सामानाचे काय? नवरीचा शालू, रुखवताच्या पेट्या, मांडवाचे खांब, कढया, तांदळाची पोती, आइस्क्रीमचे डबे, सारे काही नाक्यावर उतरवून पुन्हा हमालांच्या डोक्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर चढवावे लागते. खाली शंभर रुपयांना पडणारी वस्तू वर जाईपर्यंत दोनदा हमाली खाते. म्हणून माथेरानच्या लग्नात बाहेरून काही नेण्याचा हट्ट सोडावा, जिथे मुक्काम तिथलाच स्वयंपाक आणि तिथलीच सजावट घ्यावी. मेनू आटोपशीर आणि मांडव झाडांच्या सावलीचा असला की पन्नास-साठ माणसांचे लग्न तिथे अतिशय देखणे होते. वरातीला घोडा शोधत फिरावे लागत नाही, हा एक अधिकचा लाभ. रुखवत मात्र उघड्यावर मांडू नये. चकल्या आणि लाडवांच्या बाबतीत माथेरानची माकडे कोणाचीही भीड ठेवत नाहीत.

याच माथेरानात गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजीचा किंवा नुकतीच हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या काकांचा प्रश्न सर्वांत अवघड होतो. जागा पाहायला बहुधा तिशीतली मंडळी जातात आणि त्यांना दोन किलोमीटर म्हणजे सकाळचा फेरफटका वाटतो. जागा पसंत करण्यापूर्वी घरातले सर्वांत वयस्क माणूस गाडीतून उतरल्यापासून मांडवापर्यंत आणि मांडवापासून आपल्या खोलीपर्यंत कसे जाणार, किती पायऱ्या चढणार, आणि रात्री बरे वाटेनासे झाले तर जवळचे रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे, हे पावलांनी मोजून पाहिले पाहिजे. डोंगरउतारावरच्या निवासस्थानांत खोल्या टप्प्याटप्प्याने बांधलेल्या असतात. छायाचित्रात रम्य दिसणाऱ्या त्या पायऱ्या आजींसाठी घाटच असतात. ज्यांच्यासाठी लग्नाचा घाट घातला त्यांनाच मांडवात येता आले नाही, अशी पाळी येऊ नये.

महाबळेश्वर आणि त्याही वर

महाबळेश्वरला खर्च जास्त येतो यामागे केवळ नावाचा दबदबा नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये आणि माथेरान फेब्रुवारी २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. नव्या बांधकामावर निर्बंध आले, खोल्यांची संख्या मनमानेल तशी वाढू शकत नाही आणि मागणी मात्र वाढतच आहे. नाताळ, मे महिना आणि दिवाळीची सुटी या काळात पर्यटक आणि वऱ्हाड एकाच खोलीसाठी झगडतात. जानेवारीच्या मधल्या वारी किंवा फेब्रुवारीत तीच खोली पुष्कळ कमी भावात मिळते. स्ट्रॉबेरीचा हंगामही तेव्हाच भरात असतो, त्यामुळे पक्वान्नांवरचा थोडा खर्च शेतावरून आलेल्या ताज्या फळांवर भागवता येतो. या निर्बंधांमुळे आणखी एक दक्षता घ्यावी लागते. निवडलेली जागा आणि तिचा हॉल अधिकृत आहे ना, अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र आहे ना, हे कागदावर पाहावे. लग्नाच्या आठ दिवस आधी पाडकामाची नोटीस लागलेल्या हॉलची आगाऊ रक्कम परत मिळवणे हे लग्न लावण्यापेक्षा कठीण काम आहे.

उंचीचा परिणाम स्वयंपाकावरही होतो, हे यजमानांच्या सहसा ध्यानात येत नाही. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते, तर महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर ते ९५-९६ अंशांवरच उकळू लागते. वरण-भात शिजायला वेळ जास्त लागतो आणि गॅसही जास्त जळतो. सराईत आचारी हे जाणून असतो. प्रथमच घाट चढणाऱ्या आचाऱ्याची पंगत मात्र उशिरा बसते. संध्याकाळी गारठा असा पडतो की ताटातला मसालेभात दुसऱ्या घासाला थंड होतो, म्हणून उघड्या हिरवळीवरच्या रात्रीच्या मेजवानीपेक्षा दुपारची पंगत केव्हाही बरी.

हिमालयाची ओढ असणाऱ्यांची संख्याही अलीकडे वाढते आहे. शिव-पार्वतीचा विवाह जिथे झाला असे मानतात ते उत्तराखंडातील त्रियुगीनारायण आता विवाहस्थळ म्हणून प्रसिद्ध झाले आहे. परदेशात लग्न करण्याऐवजी भारतात आणि त्यातही उत्तराखंडात करा, असे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये डेहराडूनच्या गुंतवणूकदार परिषदेत केले होते. पुण्या-मुंबईच्या कुटुंबासाठी मात्र हा पर्याय पंचवीस-तीस माणसांपलीकडे परवडणारा नाही. विमान किंवा रेल्वे, पुढे दिवसभराचा डोंगरी रस्ता, थंडीत बर्फ आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी यांचा विचार करता दोन दिवस येण्याचे आणि दोन दिवस जाण्याचे धरावे लागतात. घरातल्या चार माणसांच्या साक्षीने मंदिरात विधी आणि परतल्यावर गावी जेवण, एवढाच आटोपशीर बेत असेल तर तो सह्याद्रीतल्या मोठ्या लग्नापेक्षा स्वस्तही पडू शकतो.

मुहूर्त, पाऊस आणि घाटातली कोंडी

डोंगरावर मुहूर्त काढताना पंचांगाइतकाच पावसाचा विचार लागतो. चातुर्मासात लग्ने फारशी होत नसल्याने भर पावसाळा आपोआप टळतो, ही परंपरेची सोय म्हणायची. जे मुहूर्त मानत नाहीत त्यांना जुलै-ऑगस्टमधील सवलतीचे दर भुरळ घालतात. त्यांनी एवढे आठवावे की जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता दरडींनी बंद झाला. वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस झेलणारी आंबोली किंवा लोणावळा येथेही स्थिती फार वेगळी नसते. धुक्याचे कौतुक छायाचित्रकाराला असते, बसचालकाला नसते.

उलट टोकाला मे महिना. हवा सुखद, सुट्ट्या सोयीच्या, पण पाणी आटलेले. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांची तहान वेण्णा तलावावर भागते, आणि उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची गर्दीही सर्वाधिक असते. दोनशे माणसांच्या दोन दिवसांच्या अंघोळी टँकरवर आल्या तर त्याचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे. त्यात अधिक मास आला की मुहूर्त आणखी आक्रसतात. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ, त्यामुळे त्या हंगामातली बरीच लग्ने एप्रिल आणि मेच्या पूर्वार्धात दाटलेली. अशा वर्षी मार्गशीर्षात किंवा माघात लग्न ठरवणाऱ्यांना जागाही मिळते आणि भावही करता येतो.

मुहूर्ताची वेळही डोंगराच्या सोयीने निवडावी. शनिवारी सकाळी द्रुतगती महामार्गाच्या बोरघाटात किंवा पसरणी घाटात होणारी कोंडी आता कोणाला नवी नाही. सकाळी साडेनऊचा मुहूर्त आणि मुंबईहून त्याच दिवशी निघालेले वऱ्हाड, हा बेत म्हणजे मामाविना अंतरपाट धरण्याची तयारी. एका दिवसाचे लग्न असेल तर दुपारी साडेबारानंतरचा मुहूर्त आणि शक्यतो आठवड्यातला मधला वार घ्यावा. गोरज मुहूर्त रम्य खरा, परंतु त्यानंतर जेवून दोनशे माणसे रात्रीच्या अंधारात घाट उतरणार, हे ध्यानात ठेवावे. घाटाची सवय असलेलाच चालक घ्यावा आणि त्याला रात्री झोपायला जागा द्यावी. बसमध्ये आलेपाकाच्या वड्या आणि कागदी पिशव्या ठेवल्या तर पाहुणे मांडवात हसतमुखाने उतरतात.

करार, आवाज आणि कचरा

जागा ठरवताना तोंडी आश्वासनांवर विसंबू नये. बाहेरचा केटरर किंवा सजावटकार आणल्यास जागामालक 'रॉयल्टी' आकारतात. ती किती, जनित्राच्या डिझेलचे वेगळे पैसे किती, किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील आणि तारीख पुढे ढकलली तर आगाऊ रकमेतले किती परत मिळेल, या चार गोष्टी लेखी असाव्यात. कराचाही हिशेब मांडावा. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के, तर त्यावरील खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. पन्नास खोल्या घेताना ७,४०० आणि ७,६०० या दोन भाड्यांतले अंतर दोनशे रुपयांचे राहत नाही. नोंदणी पद्धतीने विवाह करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि वधू-वरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावे लागते. म्हणून असे विवाह शहरात नोंदवून डोंगरावर केवळ सोहळा करणे सोयीचे.

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. दरीत आवाज घुमतो आणि पलीकडच्या डोंगरावरच्या वाडीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे तक्रारही लवकर होते. डीजेचे पैसे रात्री बारापर्यंतचे भरून दहाला वाद्ये बंद करण्यापेक्षा सनई-चौघडा आणि एखाद्या गायकाची बैठक हे स्वस्त आणि निर्धोक.

जून २०१९ मध्ये उत्तराखंडातील औली येथे एका उद्योगपती कुटुंबातील दोन विवाह झाले. त्यानंतर बर्फाच्या उतारांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या कुरणांवरून शेकडो क्विंटल कचरा उचलावा लागला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि संबंधितांना तीन कोटी रुपये अनामत भरण्याचा आदेश झाला. सामान्य कुटुंबाचे लग्न तेवढे मोठे नसते, पण कचऱ्याचा प्रश्न तोच असतो. डोंगरावरच्या नगरपालिका लहान असतात आणि दरीत भिरकावलेली पत्रावळ कोणी उचलून आणत नाही. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांना मार्च २०१८ पासूनच बंदी आहे. स्टीलची ताटे भाड्याने घेतली तर ती घासायला पाणी लागते आणि पानांच्या पत्रावळी घेतल्या तर त्या खाली न्याव्या लागतात. पाणी टंचाईच्या महिन्यांत दुसरा पर्याय बरा. परतीच्या रिकाम्या टेम्पोतून कचऱ्याची पोती खाली नेण्याचे केटररशी आधीच ठरवले तर त्याचा वेगळा खर्च फारसा येत नाही.

जागा पाहायला जायचे ते शक्यतो लग्नाच्याच महिन्यात, म्हणजे वर्षभर आधी, आणि मुहूर्ताच्याच वेळी. ऊन कोठून येते, वारा मांडवाचे कापड किती फडफडवतो, डोंगरामागे सूर्य किती वाजता जातो, भ्रमणध्वनीला संपर्क मिळतो की नाही आणि नळाला पाणी किती वाजेपर्यंत असते, हे त्या एका फेरीत कळते. सोबत आचारी असावा, आणि शक्य असेल तर आजीही.